ब्रेकच्या डब्यातली जागा

गुरुवार, १० नोव्हेंबर १९८३

आलो एकदाचा! ट्रंक, वळकटी, सासूबाईंनी दिलेल्या फणसपोळ्या आणि माझी दुखरी पाठ, सगळं सुखरूप पोचलं. फणसपोळ्या मात्र अर्ध्याच पोचल्या. वाटेत भूक लागली त्याला मी काय करणार?

ही वही राहीच्या हुकमाने. लग्न झाल्यापासून निम्मे दिवस मी वस्तीच्या गाड्यांवर काढले. एसटीचा कंडक्टर म्हणजे स्वतःच्याच घरी पाहुणा. घरी आलो की राहीला आणि मैनेला रस्त्यातल्या गमती सांगत बसायचो. आता इथलं क्वार्टर नीट होईपर्यंत मायलेकी संगमेश्वरला माहेरी राहणार. निघताना राही म्हणाली, तुमच्या पोटात गोष्टी मावायच्या नाहीत, लिहून ठेवा, आले की वाचीन. तर बायकोबाई, वाचा.

पाठीने उभं राहणं जमेना म्हणून एसटी सोडली आणि देवाने इथे बसायचं काम दिलं. खाडीकाठी बंदर, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान. सड्यावर एका कंपनीची बॉक्साइटची खाण. खाणीतला माल खाली बंदरावर न्यायला चक्क आगगाडी! रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे नाही असं शाळेत घोकलं होतं, ते खोटं निघालं. छोटे रूळ, भाताच्या गिरणीएवढं डिझेलचं इंजिन, मागे लोखंडी डब्यांची माळ आणि शेवटी ब्रेकचा डबा. त्यात दोन फळ्या समोरासमोर, मधे ब्रेकचं चाक, आणि चाकाशी मी, म्हणजे गार्ड. भागोजी गार्ड! आधीचा गार्ड काशीराम नोकरी सोडून बुरोंडीला आपल्या घरी गेला, म्हणून ही जागा रिकामी झाली.

ड्रायव्हर हारुनभाय. बंदरावरचेच. आखातात बोटीच्या इंजिनावर होते. त्यांनी मला बघितलं, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, आता कंडक्टर आणि मी दोघं मिळून ही बोट हाकू. सगळे मला कंडक्टरच म्हणायला लागलेत. बरं वाटतं.

मैने, तुझा बाप रेल्वेत लागला गो बाय. झुकझुक करत नाही, नुसती खोकते.

रविवार, १३ नोव्हेंबर

आज गाडीला सुट्टी.

मालगाडीवर म्हणून आलो खरा, पण अर्धा माल माणसांचा आहे. एसटी बंदरापर्यंतच येते. सड्यावर जायचं तर एक उभी पायवाट, नाहीतर आमची गाडी. ब्रेकच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, माणसांनी बसू नये. त्या पाटीलाच पाठ टेकून माणसं बसतात. कंपनी काणाडोळा करते. मासेवाल्या पाट्या घेऊन वर जातात, खाणीतले कामगार जातात, सड्यावरच्या घरची पाहुणेमंडळी जातात. तिकीट नाही, बेल नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. स्वर्ग म्हणतात तो हाच.

तोंडाची सवय मात्र जात नाही. आत सरका, आजी, पाटी खाली घ्या, त्या पोराला बसू द्या. पहिल्या दिवशी सगळ्या बायका पोट धरून हसल्या. त्यांची म्होरकी सोनूबाई. खारवीण आहे, वय झालंय, तोंडाने तिखट आणि हाताने सढळ. दुपारचं जेवण तिच्याच घरी ठरवलंय. काल बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण होतं. राही, तुझी शपथ, तुझ्यापेक्षा कांकणभर कमीच.

माझा एकच नियम, एसटीत होता तोच. ज्याने हात दाखवला त्याला घ्यायचं. गाडी भरलेली असो, पाऊस असो, घाट असो. सरकून घेतलं की एका माणसापुरती जागा होतेच. मैनेलाही मी तेच शिकवलंय. उभ्या माणसाला जागा द्यायची, कंडक्टरची मुलगी आहेस. मागे रत्नागिरीला जाताना स्वतः उठून एका म्हाताऱ्याला म्हणाली, काका, या, इथं बसा. माझी छाती फुगली होती.

शनिवार, १९ नोव्हेंबर

एक चमत्कारिक प्रकार आहे इथे. लिहू का नको करत होतो.

अर्ध्या वाटेवर जुनी चिरेखाण लागते. जांभ्या दगडाचे चिरे काढून काढून मोठा चौकोनी खड्डा झालाय, तळाला हिरवं पाणी. रूळ त्याच्या कडेकडेने वळतात. तिथे चढ इतका की गाडी माणसाच्या चालीने जाते. कड आणि आमचा डबा एका पातळीत. चढायला याच्याइतकी सोयीची जागा नाही.

पण ती खाण जवळ आली की डब्यातली सगळी माणसं विचित्र वागतात. बडबड बंद. बायका पायाशी ठेवलेल्या पाट्या उचलून फळीवर ठेवतात. माणसं मांड्या फाकवून बसतात, पिशव्या बाजूला ठेवतात, एक बोटभर फट राहू देत नाहीत. खाण मागे पडली की पाट्या पुन्हा खाली आणि बडबड सुरू. हारुनभाय इंजिनात एकटेच असतात, पण शेजारच्या बैठकीवर त्यांनी एक अख्खा चिरा ठेवलाय. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, वजनाला. कसलं वजन?

आज कळलं. खाणीच्या कडेला एक माणूस उभा असतो. डोक्यावरून टॉवेल, खाली खाकी पँट. गाडी आली की हात वर करतो. डब्यातल्या माणसांनी माना फिरवल्या. सोनूबाईने पदराने डोळे पुसले, पण पाटी हलवली नाही. मी ब्रेकला हात घातला तर माझा हात धरून म्हणाली, तकडं बगू नका, कंडक्टर. त्याला बसवायचा नाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, हितं बोलायचं नसतं.

म्हटलं, असं आहे होय! वाळीत टाकलाय बिचाऱ्याला.

मला वाळीत म्हणजे काय ते कुणी शिकवू नये. मी लहान असताना पालखीच्या मानावरून गावाने आमचं घर वाळीत टाकलं होतं. विस्तवसुद्धा मिळत नव्हता. आईला तापात डॉक्टरकडे न्यायचं होतं, तर बैलगाडी रिकामी असून गाडीवाल्याने आपलं घोंगडं शेजारी ठेवलं आणि म्हणाला, जागा नाही. बापाने आईला पाठीवर घेतलं. ते घोंगडं मी विसरलेलो नाही.

शनिवार, २६ नोव्हेंबर

केलं एकदाचं मनासारखं! सगळा डबा माझ्यावर रुसलाय, रुसू दे.

आठवडाभर तो माणूस हात करत होता आणि ही चांगली चांगली माणसं पाट्या मांडत होती. आज ऊन मी म्हणत होतं. तो तसाच उभा. खाण आली, सोनूबाईने माझ्या शेजारी पाटी ठेवली. मी ती उचलून माझ्या मांडीवर घेतली, फळीवर हात थोपटला आणि एसटीतल्यासारखा खणखणीत ओरडलो, या, जागा आहे!

बायकांनी किंकाळी फोडली. तो चढला. माझ्या शेजारी बसला. अंगाला ओल्या चिऱ्याचा वास. टॉवेलखालचं तोंड नीट दिसलं नाही, पण रडत होता हे दिसलं. माझा हात दोन्ही हातांत धरला, थंडगार, आणि म्हणाला, लई दिवस उभा होतो. मला भडभडून आलं. हात सोडवून घ्यावासा वाटत होता तरी सोडवला नाही.

बायका चालत्या गाडीतून उतरल्या आणि पायी वर आल्या. सोनूबाई उतरताना म्हणाली, काय केलंस रे पोरा. तिच्या तोंडून अरेतुरे पहिल्यांदाच ऐकलं.

सड्यावर ब्रेक लावून वळलो तर तो नव्हता. मला न सांगताच उतरला असावा. फळी ओली होती. राही, तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.

गुरुवार, १ डिसेंबर

चिरेखाणीजवळ आता कुणी उभं नसतं. बायका पाट्याही ठेवत नाहीत. बघा, एका माणसाला बसवलं तर आभाळ कोसळलं का? पण त्या माझ्याशी बोलत नाहीत.

एक-दोन किरकोळ गोष्टी. माझ्या शेजारची जागा कुणी घेत नाही. दाटीवाटीने समोर बसतात, तिथे बसत नाहीत. मी सरकलो तरी नाही. आणि ती फळी वाळत नाही. आज हारुनभायने मला चहा आणला तो माझ्या हातात न देता शेजारी ठेवला. म्हटलं, इथे बसलोय मी. ते दचकले आणि हसले.

माझी पाठ दुखायची थांबली. दुखणं कुठे गेलं कुणास ठाऊक. चांगलंच की.

सोमवार, ५ डिसेंबर

देवदिवाळी. सकाळी गावाने देवळात गाऱ्हाणं घातलं. मी मागे उभा होतो. व्हय महाराजा म्हणायला तोंड उघडलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. गलका होता, त्यात बुडाला असेल.

दुपारी सोनूबाईकडे. तिने दोन पानं मांडली. एक माझ्यापुढे, एक माझ्या शेजारी. शेजारच्या पानावर आधी वाढलं. मी म्हटलं, आणखी कोण येणार आहे? तर ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग सगळं सांगितलं. घराच्या आत, दार लावून. जसं सांगितलं तसं लिहितो.

तिथे जो उभा असायचा तो काशीराम. माझ्याआधीचा गार्ड. भूत नाही म्हणते, हाडामांसाचा काशीराम, तिच्या हातचं जेवलेला. त्यानेही कुणाला तरी जागा दिली होती. जो येऊन बसतो तो नुसता बसत नाही. फळीवरची जागा घेतो, मग पानावरची, मग अंथरुणातली. ज्याने दिली त्याला मग कुठेच जागा उरत नाही, खाणीच्या कडेशिवाय. बुरोंडीला जो घरी गेला, बायकापोरांत बसतो, तो काशीरामसारखा दिसतो, काशीराम नाही. त्याच्या आईने ओळखलं. ती त्याच्या पंक्तीला बसत नाही. लोक म्हणतात म्हातारीला चळ लागला.

मी विचारलं, मग रोज त्याच्यासमोर पाटी ठेवताना तुला काय वाटायचं? म्हणाली, रोज मेले मी.

मी हसलो. काय करणार? जेवलो. शेजारचं पान रिकामं झालेलं होतं. कुणी खाल्लं ते मी बघितलं नाही.

सोमवार, १२ डिसेंबर

खोटं आहे. म्हातारीच्या गप्पा. असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

खुंटीवरचा माझा कोट सकाळी नव्हता. धुंडाळत गाडीवर आलो तर ब्रेकशेजारी घडी करून ठेवलेला. गरम होता.

हारुनभायला हाक मारली, एकदा नाही, घसा बसेपर्यंत. ते माझ्या शेजारच्या फळीकडे बघून म्हणाले, व्हय कंडक्टर, बोला. मग ऐकत राहिले. मान डोलावली. हसले. कुणाचं ऐकत होते?

खाटेवर माझ्या कुशीची खोलगट जागा पडली होती. आज मी तिथे टेकलो तर तिथे आधीच—

नको. उद्या लिहीन.

मंगळवार, २० डिसेंबर

निघालो. नोकरी गेली खड्ड्यात. संगमेश्वर गाठायचं, राहीला सांगायचं इकडे येऊ नकोस. मी घरी असलो म्हणजे माझी जागा कोण घेतो ते बघू.

बंदरावर एसटी उभी होती. दारात धोंडू! माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला कंडक्टर, माझ्या लग्नात नाचलेला. जीव भांड्यात पडला. म्हटलं, धोंड्या, जागा दे बाबा, संगमेश्वर. त्याने माझ्या अंगावरून बघितलं आणि विचारलं, अजून कुणी हाय का? मी त्याच्या पुढ्यात. दांडा धरला. गाडी अर्धी रिकामी, पण ज्या बाकाशी जावं तिथे कुणी पिशवी ठेवतंय, कुणी पाय पसरतंय. मुद्दाम नाही. आपसूक. एका बाईने तर झोपेतच मूल सरकवलं.

धोंडूने डबल बेल मारली. मी दांड्याला धरून होतो. मग दांडा हातात नव्हता.

मी कधी कुणाला रस्त्यात सोडलं नाही, देवा. एकालाही नाही.

बुधवार, २८ डिसेंबर

पायवाटेने वर निघतो, खाणीशी येतो. खाली निघतो, खाणीशी येतो. भरदुपारी. चकवा लागतो तो रात्री असं ऐकलं होतं.

गाडी आली. ब्रेकच्या चाकाशी माझा कोट. कोटात मी. माझी मिशी, माझा भांग, कानावर पेन्सिल ठेवायची माझी सवय. पेन्सिल माझ्या हातात आहे आणि त्याच्याही कानावर आहे. आत सरका, आजी, पाटी खाली घ्या, म्हणत होता. बायका हसत नव्हत्या.

मी हात वर केला. करायचा नव्हता. झाला. सोनूबाईने पाटी फळीवर ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

त्याने मला बघितलं आणि हात जोडले. माझेच हात, माझ्याकडे बघून जोडलेले.

काशीराम आहे तो. वाईट माणूस नाही. त्याला बुरोंडीला जायचं होतं, आपल्या घरी. पण तिथे कुणी बसलंय. म्हणून आता माझ्या—

राही त्याला वाढणार. भाकरी मोडून देणार. त्याला मी समजणार. मैना त्याच्या पाठीवर—

तारीख नाही

भूक नाही. थंडी नाही. पाठ दुखत नाही. दुखायला हवी होती.

गाडी येते, पाय आपोआप कडेला येतात, हात वर. पाट्या. पिशव्या. मांड्या. मला त्यांचा राग येतो. मग येत नाही. एक फट दिसली तर घुसेन. खरं सांगतो राही, कुणाच्याही जागी. मला फक्त घरी यायचंय.

काशीरामलाही असंच वाटलं असणार.

तारीख नाही

आज सोनूबाई बोलली. माझ्याकडे न बघता, पाटीतल्या माशांशी बोलल्यासारखी. संक्रांतीला तुजी बायकापोर यायची हायेत. त्यानंच बोलावून घेतलान. मी तुज्या बायकोला सांगायला गेले तर येडी म्हणंल. तेवढा एक दिवस हात करू नको रे बाबा. पोरीकडं बगू नको.

मैना येणार.

मैना जागा देते. मीच शिकवलंय.

म्हणजे मी घरी जाऊ शकतो. मैनेच्या जागी. राहीशेजारी. रोज. दुपारी शाळेतून येऊन तिच्या मांडीवर डोकं. आणि इथे, या कडेला, माझी मैना, टॉवेल घेऊन—

हे मी लिहिलं. मनात आलं म्हणून लिहिलं. राही, मला माफ कर. नाही. नाही नाही.

तारीख नाही

हात कसा थांबवू? खाली पाण्यात उतरून बसलो, गळ्यापर्यंत. गाडीचा आवाज आला आणि मी कडेला होतो, कोरडा, हात वर. करवंदीच्या जाळीत हात गुंतवला. जाळी तशीच राहिली आणि हात सुटला.

पण आज लिहीत होतो. वाक्य अर्धवट होतं, गाडी आली, गेली. हात वहीवरच होता.

लिहीत असलो की हात वर जात नाही! दुसऱ्या गाडीलाही करून बघितलं. नाही गेला. राही, तुझी वही कामाला आली गो.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

तारीख कळली. सकाळी वर जाणाऱ्या बायका तिळगुळाचं बोलत होत्या.

थोडीच पानं उरलीत. बारीक लिहितो. लिहीत राहायचं. काहीही लिहायचं. आत सरका, पुढे सरका, सुट्टे द्या, देवरुख, साखरपा, उतरणारे आधी उतरू द्या.

खाली बंदरावर भोंगा वाजला. गाडी निघाली.

मैने, लहानपणी तू माझी शिट्टी गिळली होतीस आणि दिवसभर घरभर वाजत फिरलीस. खरं नाही, पण तुला ती गोष्ट आवडायची. पुन्हा सांग म्हणायचीस. पुन्हा सांगतो. लहानपणी तू माझी शिट्टी—

आवाज जवळ आलाय. पाय कडेला आलेत. येऊ देत. हात वहीवर आहे.

इंजिन दिसलं. हारुनभाय. शेजारी चिरा. बरं केलंत हारुनभाय.

डबे. रिकामे डबे. रिकामे.

ब्रेकचा डबा. राही, हिरवं लुगडं. वाळलीस गो. त्याच्या शेजारी बसलीस. तो इकडे बघत नाही. मैना समोर, सोनूबाईजवळ. केवढी झाली. दोन वेण्या. सोनूबाईने तिच्या शेजारी पाटी ठेवली. दाबून ठेव सोनूबाई. धरून ठेव.

मैना माझ्याकडे बघतेय. मी बघत नाही. मी लिहितोय. खाली बघून लिहितोय. हात वर नाही केला, मैने, कुणी हात केला नाही, कुणी उभं नाही इथे—

राही तिला काहीतरी म्हणाली. सोनूबाई ओरडतेय. पाटी ओढतेय. मैनेने पाटी मांडीवर घेतली. मीही मांडीवरच घेतली होती.

सरकतेय. नको. सरकू नको बाय. बापाचं ऐक, सरकू नको, जागा नाही, जागा नाही म्हण—

फळी थोपटली. काका, या, इथं बसा, म्हणाली. काका म्हणाली मला.

लिहितोय. हात खाली आहे. हात खाली आहे. पाय उचलला तरी हात खाली. लिहितोय राही. हात खा